नात्यातले मासे, वेगळ्या काचा

सिक्लिड पाळायला घेतलेस, चांगलं केलंस. नुसता रंग दाखवत फिरणारा हा मासा नव्हे. तो जागा धरतो, हद्द राखतो, वाळू उपसून खड्डा करतो, जोडी जमवतो. काही जातींत तर मादी अंडी-पिल्लं तोंडात घेऊन तीन-तीन आठवडे उपाशी राहते. अशा माशाच्या १,७०० च्या आसपास जाती शास्त्रात नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी एकमेकींच्या इतक्या जवळच्या की एका काचेत ठेवल्या तर पिल्लं सरमिसळ होतात. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलमध्ये बसून मासे पाळणाऱ्याला या सरमिसळीचं काय, असं वाटेल. पण हा प्रश्न तुझ्या खोलीतल्या टाकीपासून शेततळ्यापर्यंत आणि तिथून कृष्णेपर्यंत जातो. म्हणून जे मला वडीलधाऱ्यांकडून मिळालं आणि जे पुढे वाचून-बघून पटलं, ते तुझ्या कानात घालतो.

आधी आपलं पाणी ओळख

आपल्या भागात खाली सगळा काळा पाषाण. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षारांचं. चहाच्या भांड्यावर पांढरा थर चढतो तेच पाणी. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणीही अल्कधर्मी असतं, पीएच साधारण ७.८ ते ८.६. त्यामुळे मलावीचे मासे आपल्या बोअरच्या पाण्यात फारशी खटपट न करता राहतात. उलट डिस्कससारखा ॲमेझॉनचा मासा मऊ, किंचित आम्ल पाणी मागतो. त्याच्या मागे लागलास तर आरओ मशिनचं पाणी भरत बसशील. आपल्या पाण्याला सोसेल तो मासा घ्यावा, हा पहिला हिशेब.

पण बोअरचं पाणी चांगलंच असेल असं धरू नकोस. आपण ऊसपट्ट्यात आहोत. युरियाची पोती रानात जातात आणि त्यातलं नायट्रेट पाझरून विहिरीत उतरू शकतं. पाणी दिसायला निवळ, पण मासा सुस्त, असं झालं तर आधी टेस्ट किटने नायट्रेट बघ. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घाल, नाहीतर बादलीत हवा सोडून एक दिवस ठेव. दर आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदल. एकदम सगळं बदलू नकोस.

लाईट जाण्याचं तर तुला ठाऊकच आहे. फिल्टर बंद पडला की गर्दीच्या टाकीतला ऑक्सिजन झपाट्याने कमी होतो, उन्हाळ्यात तर जास्तच, कारण गरम पाणी हवा कमी धरतं. बॅटरीवर चालणारा एअर पंप हीटरच्या आधी विकत घे. हीटर थंडीत लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी २४ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

दगड आपल्या माळावरचेच चालतात, स्वच्छ घासून. मात्र दगड आधी काचेच्या तळावर टेकव, वाळू नंतर घाल. सिक्लिड वाळू उकरतात, वर ठेवलेला दगड घसरतो आणि काच जाते.

नाव विचारल्याशिवाय पैसे काढू नकोस

दुकानात एका टाकीवर चिठ्ठी असते : मिक्स आफ्रिकन, असॉर्टेड सिक्लिड. भाव कमी, रंग भरपूर. नवा माणूस तिथेच फसतो. त्या टाकीत निळा, पिवळा, नारिंगी, पट्ट्यापट्ट्यांचा असे सगळे एकत्र वाढलेले असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे आई-बाप कोण, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दुकानदाराला तीन गोष्टी विचार. माशाचं पूर्ण नाव काय? कुणी पैदास केला? आई-बाप बघायला मिळतील का? कुर्ल्याचा बाजार असो की सांगली-कोल्हापूरचं दुकान, तीनपैकी दोन उत्तरं मिळाली तर मासा बघ. एकही नाही मिळालं तर तो मासा हौसेला घे, पण त्याची पिल्लं वाढवायची नाहीत, हे तिथेच ठरव.

डोळ्यांनाही थोडी सवय लाव. यलो लॅब हा पिवळा मलावी मासा आपल्याकडे सगळीकडे मिळतो. चांगल्या यलो लॅबच्या पाठीच्या पंखावर काळा पट्टा स्वच्छ दिसतो. अंग नारिंगीकडे झुकलेलं, पट्टा पुसट किंवा तुटक आणि डोकं जाड असेल तर त्यात लाल झेब्रा या दुसऱ्या मलावी माशाचं रक्त असण्याची शक्यता धर. हा संकर बाजारात फार आहे. ठिपक्या-ठिपक्यांचा 'ओबी पीकॉक' तर मुळात माणसाने संकर करून उभा केलेला प्रकार आहे, सरोवरात तो सापडत नाही. तो विकत घेणं गुन्हा नाही, पण त्याला सरोवरातला मासा म्हणून मिरवू नकोस.

जवळच्या नात्यातली एकच जात

हा या सगळ्यातला मुख्य मंत्र. एका काचेत जवळच्या नात्यातली एकच जात. पीकॉक ठेवायचे तर एकाच जातीचे. झेब्रा ठेवायचे तर तेही एकाच जातीचे. टांगानिका सरोवराचे ज्युलिडोक्रोमिस किंवा ट्रोफियस घेतलेस तर त्यांच्या दोन जाती एकत्र नकोत. एंजलमध्येही साधा एंजल आणि अल्टम एंजल वेगळेच ठेवायचे.

पीकॉकचं तर आणखी अवघड. नर निळे, पिवळे, लालसर, एकाहून एक देखणे. माद्या मात्र सगळ्यांच्या सारख्याच करड्या-तपकिरी. दोन जातींच्या माद्या एका टाकीत मिसळल्या की पुन्हा वेगळ्या काढणं जाणत्यालाही जमत नाही. म्हणून माद्या घेशील तर एकाच ठिकाणाहून आणि नरासकट घे. नुसतीच शोभा हवी असेल तर सगळे नर ठेव. मादीच नसेल तर पिल्लांचा प्रश्न येत नाही.

मग एकत्र काय ठेवावं? नात्याने लांबचे, पण पाण्याची आणि खाण्याची आवड एक असलेले. चार फुटी टाकी, म्हणजे १२० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटर, साधारण २४० लिटर, ही मलावीच्या खडकांत राहणाऱ्या दगडी माशांसाठी कमीत कमी जागा. त्यात एक यलो लॅबचा कळप आणि सोबत सायनोडोंटिस मांजरमासा, एवढं पुरे. शाकाहारी दगडी माशांना मांसाचं खाणं जास्त झालं की ते पोट फुगून मरू शकतात. त्यांना स्पिरुलिनाचं खाणं दे.

आणि एक सांगू? देशी सिक्लिडकडेही बघ. लोक समजतात सिक्लिड म्हणजे परदेशी. कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर हा सिक्लिडच. केरळात तोच करीमीन, २०१० मध्ये केरळने त्याला राज्यमासा केलं. त्याचा छोटा नातलग ऑरेंज क्रोमाइड दक्षिणेच्या खाड्या-नद्यांत असतो. या दोघांचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेच्या सरोवरांत नाहीत, मादागास्करात आहेत. त्यांची रीतही वेगळी. अंडी दगडावर चिकटवतात आणि आई-बाप दोघं मिळून राखतात. लहान क्रोमाइड काळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात आणि संधी मिळाली तर त्याची अंडीही खातात. पाळायला जड पाणी चालतं, खाडीतून आणलेल्याला थोडं मीठही लागतं. चिलापी, म्हणजे टिलापिया, हीसुद्धा सिक्लिडच, पण तिच्याशी त्यांचं नातं इतकं लांबचं की सरमिसळीची काळजी नाही.

जोडीदार आपल्याच जातीचा आणि पुरेसा

मासा दुसऱ्या जातीशी का जमतो, हे समजलं की अर्धं काम झालं. सरोवरात मादीपुढे तिच्याच जातीचे कितीतरी नर असतात. ती रंग बघते, वास घेते, नराचं थरथरणं आणि आवाज ओळखते, जागाही बघते. टाकीत तिला निवड कुठे? एकटी यलो लॅब मादी आणि तिच्याभोवती चार वेगळ्या जातींचे नर. अंडी भरली की ती ज्याच्याशी जमेल त्याच्याशी टाकते.

म्हणून एकेक-दोन-दोन गोळा करू नकोस. सहा जातींचे दोन-दोन मासे घेण्यापेक्षा एका जातीचे आठ-दहा घे. मलावीच्या माशांत एका नराला तीन-चार माद्या असं प्रमाण ठेव. नराचा त्रास वाटला जातो आणि मादीला आपल्याच जातीचा नर मिळतो. हा काही पक्का कुलूपबंद उपाय नाही, पण सरमिसळ यामुळे खूप कमी होते.

निळा दिवा काढ, पांढरा लाव

हल्ली दुकानात टाकीवर निळे, गुलाबी एलईडी लावतात. मासा झगमगतो, पण तुझ्या घरी तो दिवा नको. याला आधार आहे. ओले सीहाउझेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिडवर काम केलं आणि १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलं की सांडपाणी आणि गाळाने पाणी गढूळ झालेल्या भागात माद्यांना नराचा रंग नीट दिसत नाही आणि जातींमधली हद्द पुसट होते. एकाच रंगाच्या उजेडात ठेवलेल्या माद्या निळ्या आणि लाल नरांत फरक करेनाशा झाल्या, हेही प्रयोगात दिसलं.

आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच : पाणी निवळ, उजेड पांढरा. दिवा बदलला म्हणून संकर बंद होईल असं नाही. पण जो मासा डोळ्यांनी जोडीदार निवडतो, त्याच्या डोळ्यांवर आपण रंगीत कागद लावू नये.

'निसर्गातही होतंच की' म्हणणाऱ्याला

तुला कुणीतरी म्हणेल, संकर निसर्गातही होतो, मग तुम्ही कशाला एवढं जपता? त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे, ते आधी मान्य कर.

व्हिक्टोरिया सरोवर साधारण १५,००० वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. नंतर पाणी आलं आणि एवढ्या थोड्या काळात तिथे सिक्लिडच्या सुमारे ५०० जाती झाल्या. २०१७ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं की या साऱ्या पसाऱ्याच्या मुळाशी दोन लांबच्या वंशांचा, काँगोकडच्या आणि वरच्या नाईलकडच्या, फार जुना संकर आहे. दोन्हीकडचे जुने गुण एकत्र आले आणि निवडीला भरपूर सामान मिळालं. म्हणजे संकर ही बिघाडाचीच गोष्ट असते असं नाही. कधी त्यातून नवं उभं राहतं.

पण बाकीचं अर्धं त्याला माहीत नसतं. मलावीत थंबी वेस्ट नावाचं बेट आहे. १९६० च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारापायी तिथे सरोवराच्या दुसऱ्या भागांतले मासे येऊन पडले. त्यातल्या सायनोटिलापिया आफ्राचा तिथल्या झेब्राशी संकर झाल्याचं पुढे अभ्यासातून दिसलं. मासे दोन्ही मलावीचेच, पण तिथे त्यांना एकत्र आणणारा माणूस होता. तिसरी गोष्ट तर आपल्या ताटातल्या माशाची. आपण जिला चिलापी म्हणतो त्यातली जुनी जात म्हणजे मोझांबिक टिलापिया. तिच्या स्वतःच्या घरी, दक्षिण आफ्रिकेकडच्या लिंपोपोच्या खोऱ्यात, पाळण्यासाठी आणलेला नाईल टिलापिया नदीत शिरला आणि दोघांची सरमिसळ सुरू झाली. आज आययूसीएनच्या लाल यादीत मोझांबिक टिलापिया 'असुरक्षित' गटात आहे. उजनी धरणात जाळी भरून निघणाऱ्या माशाची मूळ गावी ही अवस्था.

तेव्हा विचारणाऱ्याला उलट विचार : हजारो वर्षं घेऊन दोन वंश आपोआप भेटले, की कुणी पिशवीत घालून आणून सोडले? पहिलं निसर्गाचं काम आहे. दुसऱ्याला नैसर्गिक म्हणू नये.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. शुद्ध वंशाचं हे बोलणं माशांपुरतं आहे, माणसाला ते लावायचं नाही. माणूस सगळा एकाच जातीचा प्राणी आहे. आपलं कुंडल हे स्वातंत्र्यलढ्यातल्या पत्री सरकारचं गाव. हुंडा, मानपान बाजूला ठेवून साधेपणाने लागणारी गांधी लग्नं या भागाने त्या काळात पाहिली आहेत. टाकीतला नियम माणसांवर नेणाऱ्याशी वाद घालायलाही बसू नकोस, सरळ उठून ये.

संकर हवा असेल तरी आई-बाप नोंदलेले हवेत

रानात उभा असलेला ऊस बघ. को ८६०३२ हे वाण आपल्या सांगली-कोल्हापुरात घरोघरी. तो संकरच आहे, को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांचा. मुळात आजचा ऊसच दोन जातींच्या संकरातून आला : एक गोड, जाड कांड्याचा आणि एक रानटी, काटक. को ८६०३२ हे वाण १९१२ मध्ये सुरू झालेल्या कोइमतूरच्या केंद्राने उभं केलं. आपण तो अभिमानाने लावतो, कारण त्याचे आई-बाप, वर्ष, नंबर सगळं लिहिलेलं आहे. बांधावर आपोआप उगवलेल्या, नाव नसलेल्या कांडीचं बेणं कुणी लावत नाही.

माशांतही हेच. १९६० च्या सुमारास हिक्लिंग नावाच्या शास्त्रज्ञाने मलाक्कात मोझांबिक टिलापियाची मादी आणि झांझिबारहून आणलेल्या हॉर्नोरम जातीचा नर जमवला. सगळी पिल्लं नर निघाली. दोन्ही जातींत नर-मादी ठरवणारी गुणसूत्रांची पद्धत वेगळी, त्यामुळे असं होतं. नर वेगाने वाढतो आणि मादी नसल्याने तळं पिल्लांनी भरत नाही, म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सोनंच. पुढे इस्रायलमध्ये नाईल आणि निळ्या टिलापियाची जोडी याच कामासाठी वापरली गेली.

पण अडचण कुठे आली ठाऊक आहे? पैदाशीच्या माशांत थोडी जरी दुसऱ्या जातीची भेसळ असली तरी सगळी पिल्लं नर निघत नाहीत. माद्या येऊ लागतात आणि सारा हिशेब बिघडतो. म्हणजे संकरातून फायदा काढायचा तरी आधी आई आणि बाप दोन्ही शुद्ध, वेगळे आणि नोंदलेले लागतात. तुझ्या टाकीत चुकून झालेल्या सरमिसळीला हे लागू होत नाही. ती नुसती माहितीची नासाडी आहे.

फ्लॉवरहॉर्न आणि पॅरट

घरात लक्ष्मी येते म्हणून फ्लॉवरहॉर्न घेणारे आपल्याकडे खूप. हा मासा १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडच्या संकरातून तयार झाला. निसर्गात तो नाही. त्याचे बरेच नर प्रजननक्षम नसतात. स्वभाव तापट, म्हणून त्याला एकट्याला मोठी टाकी लागते.

ब्लड पॅरट तैवानमध्ये १९८० च्या दशकात आला. गोल, लालभडक, गोड चेहऱ्याचा. पण त्याचं तोंड नीट मिटत नाही, अन्न घशातल्या दातांनी चिरडतो. म्हणून त्याला बुडणारं, बारीक खाणं दे आणि चपळ, भांडखोर माशांबरोबर ठेवू नकोस. ते सगळं खाऊन टाकतील आणि हा उपाशी राहील. घेऊन झाला असेल तर नीट सांभाळ. पण असा मासा मुद्दाम पैदा करायचा की नाही, हे घेण्याआधी स्वतःशी ठरव. दिसायला गोड म्हणून मिटत नसलेलं तोंड देणं मला पटत नाही.

शेततळ्यातली चिलापी

आता घरातून रानात ये. द्राक्षबागेसाठी प्लॅस्टिकचा कागद टाकलेली शेततळी पलूस-तासगावकडे जागोजागी. पाणी साठलेलं असतं, मग कुणीतरी म्हणतं, यात चिलापी सोड. धरणातून किंवा नदीतून धरलेली चार-सहा चिलापी टाकली जाते आणि वर्षभरात तळं तळहाताएवढ्या माशांनी भरतं. विकायला मोठा मासा एकही नाही. कारण मोझांबिक टिलापिया दोन-तीन महिन्यांत वयात येते, मादी पिल्लं तोंडात राखते म्हणून पिल्लं जगतात आणि पाणी गरम असेल तर महिना-दीड महिन्याने पुन्हा अंडी. गर्दी झाली की वाढ खुंटते, पण पैदास थांबत नाही.

हा मासा १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणला गेला. तो कसा पसरतो हे लवकरच दिसलं आणि १९५९ मध्ये मत्स्य संशोधन समितीने त्याचा प्रसार थांबवायला सांगितलं. तोवर तो निघून गेलेला होता. नाईल टिलापिया मागून आली. आज आपण दोघींना एकच नाव देतो, चिलापी. ओळखायची खूण सोपी आहे. शेपटीवर उभ्या, ठळक, एकसारख्या रेघा असतील तर नाईल. शेपटीवर तशा रेघा नसतील, आणि विणीच्या दिवसांत नर काळाकुट्ट होऊन त्याचा गळा पांढरा पडत असेल तर मोझांबिक. मधलंच काही दिसलं, रेघा पुसट, तुटक, तर सरमिसळ समज.

टिलापियाचा धंदा करायचा असेल तर तो रीतसर कर. मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी घे आणि मान्य केंद्रातून फक्त नर असलेलं बीज आण. गिफ्ट टिलापिया हे नाव ऐकशील. १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालेल्या कामातून ती निघाली. चार आफ्रिकी आणि चार आशियाई ठिकाणांहून आणलेल्या नाईल टिलापियाची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिची वाढ सुधारली. आपल्याकडे राजीव गांधी सेंटर फॉर ॲक्वाकल्चरने विजयवाड्यात तिचं काम सुरू केलं. ती निवडीने सुधारलेली एकच जात आहे, दोन जातींचा संकर नव्हे.

मग तळ्याची तयारी. बीज टाकण्याआधी तळं पूर्ण रिकामं करून वाळव. जुनी एक जरी चिलापी मादी राहिली तरी महागाचे गिफ्टचे नर तिच्याशी जमतील आणि तुझं निवडक बीज एका हंगामात गावठी होईल. पाणी घेताना पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांध. ताकारी योजनेचं पाणी कृष्णेचंच आहे, त्यातून बारकी पिल्लं येऊ शकतात. सांडव्यालाही जाळी लाव. तळ्यातल्या माशांची पिल्लं पुढच्या वर्षाचं बीज म्हणून ठेवू नकोस.

एवढी झंझट नको असेल तर रोहू, कटला, मृगळ घे. पण तिथेही विचारून घे. काही हॅचऱ्यांत एकाच टाकीत दोन-तीन जातींची अंडी काढतात आणि रोहू-कटल्याचा संकर बीजात मिसळून येतो. नाव विचारायचा नियम तिथेही तोच.

टाकीत पिल्लं दिसली तर

एक दिवस मादीचा जबडा फुगलेला दिसेल, खाणार नाही, कोपऱ्यात राहील. तोंडात अंडी आहेत. तिला हलक्या हाताने वेगळ्या छोट्या टाकीत घे. तापमानाप्रमाणे साधारण तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतील. नंतर मादीला दोन-चार दिवस एकटं ठेवून खाऊ घाल, लगेच नरांत टाकू नकोस.

बाप कोण हे तू स्वतः डोळ्यांनी पाहिलं असेल आणि टाकीत जवळची दुसरी जात नसेल, तरच ती पिल्लं नावासकट कुणाला दे. शंका असेल तर नाव देऊ नकोस. 'संकर' असं लिहून फुकट दे, किंवा वाढवूच नकोस. शेजारच्या पोराला शुद्ध म्हणून दिलेली पिल्लं दोन पिढ्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात पोचतात आणि तिथल्या कुणाची वर्षांची मेहनत वाया जाते.

एक वही ठेव. मासा कधी, कुठून आणला, नाव काय, कुणासोबत ठेवला, कधी पिल्लं दिली. मोबाइलमध्ये फोटो असतात, पण फोन बदलला की जातात. वही राहते. मासा मेला तरी त्याची नोंद खोडू नकोस. पुढे त्याच्या पिल्लांबद्दल कुणी विचारलं तर उत्तर तिथेच सापडेल.

शेवटचा आणि सगळ्यांत मोठा नियम

नको झालेला मासा कधीही ओढ्यात, विहिरीत, कालव्यात, शेततळ्यात सोडू नकोस. मोठा झालेला ऑस्कर, भांडखोर फ्लॉवरहॉर्न, जास्तीची पिल्लं, काहीही असो. लोक पुण्य म्हणून सोडतात. कुंडलच्या ओढ्याचं पाणी शेवटी कृष्णेच्या खोऱ्यातच जातं. २०१९ आणि २०२१ चे पूर आठव. भिलवडी, अंकलखोपच्या बाजूला पाणी रानात घुसलं, तसं ते तळ्यांतही घुसतं आणि बाहेर पडताना मासे घेऊनच जातं. आपल्या मरळ, वांब यांच्या जागेत चिलापी आधीच शिरली आहे, तिला आणखी पाहुणे आणि आणखी सरमिसळ नको.

मासा नको असेल तर दुकानात परत दे, दुसऱ्या पाळणाऱ्याला दे. कुणीच घेत नसेल आणि तो आजारी, अधू असेल तर लवंगेचं तेल पाण्यात घुसळून त्याला शांतपणे जाऊ दे. तेही बरं, पण नदीत नको.

हे सगळं लक्षात राहिलं नाही तर चार गोष्टी तरी धर. नाव विचारून मासा घे. जवळच्या नात्यातल्या दोन जाती एका काचेत ठेवू नकोस. झालेलं खरं लिहून ठेव. आणि टाकीतला मासा टाकीबाहेरच्या पाण्यात कधीही सोडू नकोस.